कागद जातो का बघ

३ मार्च

मुंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, यातच माझं निम्मं काम झालं. फेकायचं असेल तर वाचून फेक. नणंदेनं भावजयीचं काही ऐकून घ्यायचं नाही अशी जुनी रीत आहे, पण आपण दोघींनी ती कधी पाळली नाही. पाळली असती तर बरं झालं असतं, असं तुला गेल्या चौदा महिन्यांत वाटलं असेल.

तू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतेस, हे तुझ्या दादानं सांगितलं. सांगताना त्यानं तोंड असं केलं की जणू तू कुणाचे दात पाडतेस. मी म्हटलं, चांगलं आहे की, तिच्या हातचे दात घालून लोक निदान खरं बोलतील. तो हसला नाही. तुझ्याबद्दलच्या कुठल्याच विनोदावर तो हल्ली हसत नाही.

लिहायचं कारण असं. एका मोठ्या मूर्ती-कार्यशाळेचं पत्र आपल्या कार्यशाळेच्या मालकांकडे आलंय. तू तिथे मूर्तिकार म्हणून अर्ज केलास हे मला त्या पत्रावरूनच कळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी सिलिकॉनची बादली तशीच उघडी टाकून उठले. त्यांनी तुझ्या हाताची चौकशी केली आहे. शेवटी एक सरळ प्रश्न आहे: "नाविकीण या मूर्तीत अंगठा आणि हनुवटी यांच्यातली फट बंद झाली, हा शिल्पातला दोष होता का?" उत्तर वीस तारखेपर्यंत हवंय. आणि मालकांची पत्रं कोण लिहितं, हे तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, "लिहा काहीतरी मऊसं. हात चांगला आहे, पण कारखान्याला झेपेल असं काम नाही, असं लिहा."

मी म्हणाले, लिहिते.

आणखी एक गंमत. आपले ते गणिताचे निवृत्त मास्तर आठवतात? काचेच्या कपाटात तुझ्या नऊही मूर्ती ठेवणारे? त्यांचंही पत्र आलंय. त्यांनी नाविकिणीला मोजपट्टी लावली. म्हणतात, "अंगठ्याबद्दल सगळं जग बोललं, माझी तक्रार उंचीबद्दल आहे." रिटायर माणसाला वेळ फार असतो.

माल काढताना कारखान्यानं घाण केली, दुसरं काय. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, तसं आपल्या धंद्यात फोटोतली मूर्ती वेगळी नि खोक्यातली वेगळी. हे पहिल्यांदा थोडंच झालंय?

तब्येतीला जप. डोळा आता कसा आहे?

तुझी,
वहिनी


७ मार्च

मुंगी,

मागचं पत्र टपालात पडल्यावर मला माझीच लाज वाटली. चौदा महिन्यांनी पत्र लिहिलं आणि त्यातही कारखान्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळी झाले. नाचता येईना अंगण वाकडं. आणि मास्तरांचं पत्र मी गंमत म्हणून सांगितलं. ते वाचल्यापासून माझी पाचावर धारण बसली आहे.

आता पहिल्यापासून लिहिते, जणू तुला यातलं काही ठाऊकच नाही. तुला कंटाळा येईल, पण मधलं काही गाळलं की मी त्या गाळलेल्या जागेत लपते, हे मला माझ्याबद्दल कळलंय.

तू नाविकीण मातीत घडवलीस, पाच महिने. वाकलेली म्हातारी, हातात वल्हं, खांद्यावर झोपलेलं ड्रॅगनचं पिल्लू. तिनं एक हात वर केलाय आणि अंगठा पिल्लाच्या हनुवटीखाली नेलाय. लावलेला नाही, नेलाय. मध्ये केसभर फट. मी विचारलं होतं, "लावून टाक की, मला साचा काढायला सोपं जाईल." तू म्हणालीस, "वहिनी, लावला तर ती त्याला उठवेल. तिला उठवायचं नाहीये, झोपलंय का एवढंच बघायचंय." त्या फटीवरच तर सगळी मूर्ती उभी होती.

मातीवर मी सिलिकॉनचा साचा काढला. त्यात माती मोडली, मोडतेच. साच्यातून पहिली ओत निघाली, तिला आपण आई म्हणायचो. ती न रंगवता कारखान्यात जायची आणि तिच्यावरून हजारोंचा माल निघायचा. दुसरी ओत म्हणजे लेक. तिला रंगारी काका रंगवायचे, दादा फोटो काढायचा, आणि तेच फोटो बघून लोक आगाऊ मागणी नोंदवायचे. आई कष्टाला, लेक मिरवायला. हा विनोद तुझाच.

नाविकिणीच्या दोनच ओती निघाल्या आणि साचा फाटला. फटीपाशी सिलिकॉनचा पापुद्रा होता, तोच तुटला. मी साचा टाकून दिला. आई आहे, लेक आहे, काम भागलं.

फोटोचा दिवस. लेक दिव्यांखाली बसलेली, सगळे त्या खोलीत. मी आईला ओव्हनमध्ये ठेवून आले होते, वीस मिनिटांची मंद ऊब. रवाना करण्याआधी देतो ना, उरलेला नरमपणा जायला. म्हटलं, जरा डोकावून येते.

मालक बोलत होते. तुझ्या हाताबद्दल बोलले, काकांच्या रंगाबद्दल बोलले, दादाच्या उजेडाबद्दलसुद्धा बोलले. मी दारात उभी. हाताला सिलिकॉन लागलेलं म्हणून आत गेले नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगू? माझं नाव कुणी घेतंय का, याची मी वाट बघत होते. एकदा कुणी म्हणेल, "आणि साचा! तो पापुद्रा कसा उतरवला!" मग मी जाणार होते. कुणी म्हणालं नाही. मी उभीच राहिले. तू मध्येच वळून मला हात केलास, आत ये म्हणून. मी मान हलवली.

वास आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

आई कमरेत वाकली होती, वल्ह्याचं वेटोळं झालं होतं, एका गालावर फोड आले होते. मी तिला एप्रनमध्ये गुंडाळून पिशवीत टाकलं, ओव्हनचं दार पुसलं आणि खोलीत येऊन तुला मिठी मारली. तू म्हणालीस, "वहिनी, कसला वास येतोय?"

मी म्हणाले, "रंगाचा."

वहिनी


११ मार्च

मुंगी,

तुझं उत्तर नाही. येऊ नये असंच मला वाटतंय, कारण अजून माझं संपलेलं नाही. मध्येच माफ करशील आणि मग पुढचं मी सांगणारच नाही. तुझा काय भरवसा, तू लगेच विरघळतेस.

मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं? मालक तासभर ओरडले असते. फोटोनंतर लेकीचाच रंग उतरवून तिला आई म्हणून पाठवता आलं असतं. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नसते. एवढंच. या एवढ्याला मी घाबरले, आणि हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. माझं नाव ज्या खोलीत कुणी घेतलं नाही, तिथे ते पहिल्यांदा "हिने जाळली" म्हणून घेतलं जाणार होतं. ते मला सोसवलं नसतं.

लेक काचेच्या पेटीत होती, पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाला जायची होती. रविवारी दुपारी कार्यशाळा बंद असताना मी किल्ली घेऊन आले. दादाला सांगितलं, साचे धुवायचेत. लेकीला बाहेर काढलं आणि रंगवलेल्या मूर्तीवरून साचा काढला.

तुला वाचतानाच कळलं असेल. रंगाचे चार थर, वर वार्निश. खवल्यांमधल्या रेषा आधीच भरलेल्या. त्यावरून काढलेली ओत म्हणजे स्वेटर घालून घेतलेलं माप. आणि प्रत्येक साच्याबरोबर मूर्ती थोडी आकसते, ती आकसली ती वेगळीच.

मास्तरांनी नेमकं तेच पकडलं. तुझ्या आधीच्या आठ मूर्ती त्यांनी मोजल्या. खोक्यावर मूळ नमुन्याची उंची छापलेली असते, माल तिच्याहून दरवेळी तेवढाच लहान भरतो. ते लिहितात, "एकदा आकसणं मी समजू शकतो. ही दोनदा आकसली आहे. मधली एक कोण होती?" मधली एक कोण होती! मुंगी, बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस आहे, त्याला खोडलेलं दिसतंच.

आता फट. आधीचा साचा तिथेच फाटला होता. याही वेळी फाटला तर लेकीचा रंग ओरबाडला जाणार आणि सगळं उघडं पडणार. म्हणून मी फटीत मेण भरलं. हे काही चूक नाही, साचेवाले भरतात. नंतर मूर्तीतलं मेण काढून टाकायचं आणि निघालेल्या ओतीत तेवढी जागा पात्यानं कापून उघडायची असते. दहा मिनिटांचं काम आहे. हात स्थिर असला तर आठ.

मी कापायला घेतलं. हात थरथरत होता. पातं घसरलं असतं तर पिल्लाची हनुवटी गेली असती आणि मग माझ्याकडे काहीच उरलं नसतं. मी पातं खाली ठेवलं आणि म्हटलं, कारखान्यात साफ करतात, तेच उघडतील. दुसऱ्या दिवशी खोक्यावर "आई" असं लिहून ती रवाना केली. ते अक्षर लिहिताना हात थरथरला नाही, हे विशेष.

रंगारी काकांना संशय आला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लेकीवर ब्रश फिरवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकीच्या केसात कोंडा झालाय." सिलिकॉनचे कण होते. मी चिमट्यानं काढून टाकले. त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

आता एकच गोष्ट राहिली आहे आणि तिच्याच भोवती मी तीन पत्रं फिरतेय. आज नाही जमत. दादा जेवायला बोलावतोय.

वहिनी


१५ मार्च

मुंगी,

आज लिहितेच.

कारखान्यातून पहिला नग पसंतीला आला तो दिवस. आपल्याकडची ती पद्धत: लेक नि नवा नग शेजारी शेजारी, वर एकच दिवा. मूर्तिकारानं बघायचं, साचेवालीनं बघायचं, आणि दोघींनी हो म्हटलं की मालक नगाच्या तळाला सही करणार. सही झाली की मग तीन हजार नग निघणार. त्याआधी कितीही वेळा परत पाठवता येतो.

तू नव्हतीस. डोळ्यात कण गेला होता, पट्टी बांधून घरी पडून होतीस. मालक म्हणाले, चार दिवस थांबू. मीच म्हणाले, कशाला, मी आहे ना. आणि तू फोनवर होतीस.

खवले बोथट झालेत का, तू विचारलंस. मी म्हटलं, थोडे, नेहमीइतके. सुरकुत्या? म्हटलं, आहेत. मग तू म्हणालीस, "वहिनी, अंगठ्याखाली कागदाची पट्टी घाल. कागद जातो का बघ."

पट्टी माझ्या हातात होती. पतंगाच्या कागदाची, तूच कापून ठेवलेली. मी ती अंगठ्याखाली नेली. ती थांबली. दुसऱ्या बाजूनं नेली. तिथेही थांबली. फट नव्हतीच, नुसता एक ओरखडा होता. म्हातारी पिल्लाची हनुवटी चिमटीत धरून बसली होती.

मी म्हणाले, "जातो गं. सरळ जातो."

तू म्हणालीस, "मग झालं. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं."

जात नाही म्हटलं असतं तर आई परत मागवली असती, आणि परत आलेली आई कुणाच्या नजरेतून सुटली नसती. हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. मी घाबरून खोटं बोलले नाही, मुंगी. विचार करून बोलले. ओव्हन हा अपघात होता, मेण हा भित्रेपणा होता, पण ते "जातो गं" मी पुरत्या शुद्धीत म्हटलंय.

पुढचं तुला माहीत आहे. तीन हजार घरांत खोकी उघडली गेली आणि लोकांनी फोटोतल्या नाविकिणीशेजारी आपली ठेवली. "गळा दाबणारी म्हातारी." कुणीतरी चित्रं काढली, पिल्लाची जीभ बाहेर काढलेली. सभेत मालक म्हणाले, शिल्पच असं होतं की कारखान्याला झेपलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी एक फाटका साचा पुसत होते, तो पुसायची काही गरज नव्हती. मग तू म्हणालीस, "माझीच फट बारीक पडली असेल."

पडली असेल! तुझी फट कधीच बारीक पडली नव्हती. तू माझ्या शब्दाला खरं धरलंस आणि स्वतःच्या हाताला खोटं.

काम सोडून जाताना दारात म्हणालीस, "वहिनी, तू निदान 'मी बघितलं होतं' एवढं तरी म्हणायचंस." तुला वाटलं, मी तुझी बाजू घेतली नाही म्हणून मी वाईट. मी तेवढ्यावर समाधानी राहिले. तू माझा लहान गुन्हा धरून रागावलीस आणि मी मोठा गुन्हा पोटात ठेवून चौदा महिने दुखावल्यासारखी वागले. "तुझी बहीण फोनसुद्धा करत नाही," असं मी तुझ्या दादाला ऐकवायचे.

काल वाटलं, सोपी वाट आहे. मालकांच्या नावानं छान पत्र लिहून टाकावं: दोष शिल्पाचा नव्हता, हात उत्तम आहे. तुला काम मिळेल, मला कुणी काही विचारणार नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्धं पत्र लिहिलंही. मग लक्षात आलं की तू तिथे जाशील, माती हातात घेशील आणि पुन्हा एक केसभर फट ठेवायची वेळ आली की ती बुजवून टाकशील. कारण तुला अजून वाटतं की ती तुझ्याच्यानं झाली नव्हती.

उद्या सांगणार आहे. सगळ्यांना.

वहिनी


१९ मार्च

मुंगी,

सांगितलं.

दुपारी चहाच्या वेळी सगळे मधल्या मोठ्या टेबलाशी होते. मी लेक आणि कारखान्याचा एक नग शेजारी ठेवले, दिवा लावला आणि ओव्हनपासून सुरुवात केली. मध्ये रडले, पण थांबले नाही. मास्तरांचं पत्र वाचून दाखवलं.

मालक पहिलं काय म्हणाले असतील? "हे बाहेर कुणाला सांगितलंत का?" मी म्हटलं, मुंगीला. ते म्हणाले, "जाऊ द्या आता. तिला चांगलं पत्र देऊ, विषय संपवू." मी म्हटलं, चांगलं नको, खरं द्या. मग ते खूप ओरडले. चौदा महिने उशिरा, पण जे ओरडायचं होतं तेच ओरडले. त्यांचा आवाज संपल्यावर मला वाटलं, एवढंच होतं?

रंगारी काका म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, नणंद-भावजयीतलं आहे, आपण कशाला पडा." मग चष्मा पुसत म्हणाले, "पडायला हवं होतं."

तुझा दादा दिव्याची वायर गुंडाळत राहिला, उलगडली, परत गुंडाळली. घरी येताना म्हणाला, "चौदा महिने मी तिला हट्टी म्हणत होतो." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सध्या घरात तो फक्त नळाशी आणि कुलपाशी बोलतो. नळ गळतो म्हणून त्याला बरंच ऐकावं लागतं. त्याचा राग रास्त आहे. तुला फोन करायला त्याचा हात चार वेळा गेला, पण त्याला शब्द सुचत नाहीत. तू केलास तर त्याच्यावर उपकार होतील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

त्या मोठ्या कार्यशाळेला उत्तर गेलं. मी लिहिलं, मालकांनी वाचलं, एक शब्द खोडला, "निष्काळजीपणा". मी तो पुन्हा लिहिला आणि त्यांनी सही केली. "दोष शिल्पात नव्हता. मूळ नमुना आमच्या साचेकाम करणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणाने नष्ट झाला, त्यांनी तो दडवला आणि पसंतीच्या वेळी खोटी ग्वाही दिली." नक्कल सोबत जोडली आहे. मास्तरांनाही मी स्वतः कळवलं: मधली एक मी होते.

साच्यांचं काम मालकांनी काढून घेतलंय. परत आलेल्या नाविकिणी आधी नीट करायच्या, मग बघू म्हणाले. दोनशे बारा आहेत. सोनाराची बारीक करवत आणली आहे, एकेका अंगठ्याखाली फट कापते. काल सात झाल्या. दोन बिघडल्या. हात अजून थरथरतो, पण आता मी पातं खाली ठेवत नाही.

या पत्राबरोबर एक खोकं आहे. आत माझा जुना एप्रन आहे, तो सावकाश उलगड.

ती आई आहे. टाकायला कितीदा तरी निघाले, जमलं नाही. माळ्यावर धान्याच्या रिकाम्या डब्यात होती, आणि डबा खाली काढायची वेळ आली की मी दादाला म्हणायचे, राहू दे, जड आहे. ती कमरेत वाकली आहे, गालावर फोड आहेत, वल्हं बघवत नाही. पण तो हात ओव्हनच्या दाराशी, थंड बाजूला होता. अंगठा तसाच आहे, हनुवटी तशीच आहे. रंग लागण्याआधीची, मेण भरण्याआधीची, तुझ्या मातीवरून थेट उतरलेली.

खोक्यात एक पतंगाच्या कागदाची पट्टीही ठेवली आहे. मी घालून बघितलेली नाही. माझ्या बघण्याला आता काही किंमत नाही, आणि मी सांगितलेलं तू धरावंस असं मला वाटतही नाही.

खिडकीशी बस, उजेडात. तुझ्या हातानं घाल. कागद जातो का बघ.

वहिनी